माथा एकाचा, पायथा दुसऱ्याचा

घाटंजी तालुक्यातला कुठलाही एक नाला धरावा आणि उगमापासून खाली चालत यावं. सुरुवात टेकडीवर होते. साग, धावडा, मोहाची तुरळक झाडं; ही वनखात्याची हद्द. खाली उतरलं की ई-क्लासची जमीन लागते, गावाची गुरं चरतात ती; तिचा कागद महसुलाकडे. मग कपाशी-तुरीची शेतं. त्यांतले मातीचे नाला बांध आणि शेततळी कृषी खात्याची. शेतातली विहीर रोजगार हमीची, म्हणजे पंचायत समितीकडून आलेली. गावाजवळचा सिमेंट बंधारा जिल्हा परिषदेचा, त्याच्या खालचा कोल्हापुरी बंधारा जलसंधारणाचा, आणि नाला वाघाडी नदीला मिळाला की तिथून पाटबंधारे खातं. गावच्या नळाला येणारं पाणी याच नाल्याकाठच्या विहिरीतलं, पण ती योजना ग्रामीण पाणीपुरवठ्याची. तास-दीड तासाची चाल. तेवढ्यात एकाच पाण्याने आठ दप्तरं ओलांडलेली असतात.

जलसंधारणाच्या कामात ‘माथा ते पायथा’ हा शब्दप्रयोग सगळ्यांच्या तोंडी आहे. आधी डोंगरमाथ्यावर चर खोदायचे, पाणी तिथेच मुरवायचं, माती तिथेच थोपवायची; मग उताराची शेतं बांधायची; नाल्यावरचा बंधारा सगळ्यात शेवटी. हा क्रम चुकला की बंधारा दोन-चार पावसाळ्यांत गाळाने भरतो. क्रम सगळ्यांना ठाऊक आहे, तरी तो पाळला जात नाही. माथा एका खात्याचा, पायथा दुसऱ्याचा. पायथ्याच्या बंधाऱ्याची निविदा निघते, माथ्याच्या चरांचा निधी त्या वर्षी येतच नाही. यात कोणी काम चुकवलेलं नसतं. प्रत्येकाने आपापलं उद्दिष्ट गाठलेलं असतं आणि नाला मात्र जानेवारीतच कोरडा पडलेला असतो.

म्हणून पर्यावरण आणि नैसर्गिक साधनसंपत्ती सांभाळणारी खाती एकत्र करावीत का, हा प्रश्न यवतमाळला मंत्रालयातल्या फेररचनेपुरता राहत नाही. १३,५८२ चौरस किलोमीटरचा, १६ तालुक्यांचा हा जिल्हा. उत्तर-पूर्वेला वर्धा, दक्षिणेला पैनगंगा, आणि सगळं पाणी शेवटी गोदावरीचं. सागाचं जंगल, वणीचा कोळसा आणि चुनखडी, टिपेश्वरचे वाघ, काळ्या मातीतला कापूस, खडकातलं फ्लोराइड, हे सगळं इथे एकमेकांना लागून आहे. शिवाय महाराष्ट्रात खाती जोडण्याचा सर्वांत मोठा प्रयोग केला तो याच जिल्ह्यातल्या माणसाने.

१ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्या, तेव्हा छोटी सिंचनकामं त्यांच्याकडे गेली आणि मोठी राज्याकडे राहिली. विकेंद्रीकरण म्हणून ते योग्यच होतं, पण पाण्याच्या वाटण्या सिंचनक्षेत्राच्या हेक्टरवर झाल्या: १०० हेक्टरपर्यंत जिल्हा परिषद, पुढे २५०पर्यंत राज्याचं लघुसिंचन, त्यावर पाटबंधारे. नाल्याला हेक्टर कळत नाहीत. १९७२च्या दुष्काळात पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते. त्या काळात रोजगार हमीची कामं उभी राहिली, लाखो हातांनी पाझर तलाव आणि बांध घातले. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणाही त्याच सुमाराची. दुष्काळाने कामं वाढली आणि ती करणारी खातीही वाढली. १९८३ मध्ये सर्वंकष पाणलोट विकास कार्यक्रम आला, तेव्हा पाणलोट हा घटक मानून काम करावं हे सरकारी कागदावर प्रथमच नीट मांडलं गेलं. पण ते काम वेगवेगळ्या खात्यांनी ‘समन्वयाने’ करायचं होतं.

सुधाकरराव नाईक वसंतरावांचे पुतणे. गहुलीच्या सरपंचपदापासून जिल्हा परिषदेच्या अध्यक्षपदापर्यंत आणि तिथून मुख्यमंत्रिपदापर्यंत गेलेला हा माणूस. नुसत्या समन्वयाने पाणी अडत नाही, हे त्यांनी खालून पाहिलेलं असणार. १९९२ मध्ये त्यांनी स्वतंत्र जलसंधारण विभाग काढला आणि कृषीतलं मृदसंधारण, लघुसिंचन, सामाजिक वनीकरण आणि भूजल यंत्रणा या चौघांना एका छत्राखाली आणलं. माती, पाणी, झाड आणि जमिनीखालचा साठा, चारही गोष्टी एका सचिवाच्या टेबलावर. विचार म्हणून याहून नेमकी जोडणी महाराष्ट्राने नंतर केलेली नाही, असं माझं मत आहे. त्यांचा स्मृतिदिन, १० मे, राज्यात जलसंधारण दिन म्हणून पाळला जातो.

पण ते छत्र टिकलं नाही. सुधाकरराव १९९३ मध्ये पायउतार झाले. पुढच्या काळात भूजल यंत्रणा पाणीपुरवठा विभागात गेली, सामाजिक वनीकरण वनखात्याकडे गेलं, आणि जलसंधारण ग्रामविकासाला जोडून राहिलं. एकत्र आणलेले चौघे पुन्हा चार घरी. याचं कारण नुसत्या राजकारणात शोधलं तर अर्धंच सापडेल. सचिव एक झाला तरी तालुक्यातला कर्मचारी मूळ खात्याचाच राहिला. त्याची बढती, त्याची सेवाज्येष्ठता, त्याचा वरिष्ठ, सगळं जुन्या घरी. वर नावाची पाटी बदलली, खाली हजेरीपट तोच. अशी जोडणी पहिल्या धक्क्याला सुटते.

हीच गाठ २०१७ मध्ये पुन्हा आडवी आली. त्या वर्षी मे महिन्यात सरकारने मृद व जलसंधारण हा वेगळा विभाग केला, आयुक्तालय औरंगाबादला (आताचं छत्रपती संभाजीनगर) ठेवलं आणि ६०० हेक्टरपर्यंतच्या योजना त्याच्याकडे सोपवल्या. त्यासाठी कृषी खात्यातली पदं वर्ग करायचं ठरलं, आणि राज्यभरातले कृषी सहायक आंदोलनात उतरले. त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. कृषी सहायक गावात जातो तो बियाणं, कीड, पीकविमा, मातीपरीक्षण अशा दहा कामांना. त्यातून मृदसंधारण काढलं तर उरलेल्या कामाला माणसं कुठून येणार? नव्या विभागाला माणसं अखेर भरतीतूनच मिळवावी लागली. जलसंधारण अधिकाऱ्यांच्या ६७० पदांची परीक्षा फेब्रुवारी २०२४ मध्ये झाली आणि अमरावतीच्या केंद्रावरच्या गैरप्रकारामुळे रद्द करून पुन्हा घ्यावी लागली. विभाग स्थापन होऊन तोवर सात वर्षं उलटत आली होती. डिसेंबर २०२४ मध्ये हे खातं पुन्हा दिग्रसचे आमदार संजय राठोड यांच्याकडे आलं. म्हणजे सुधाकररावांच्या खात्याचा वारसा सध्या जिल्ह्यातच आहे, आणि जिल्ह्याने त्याचा हिशेब विचारावा इतकं ते जवळ आहे.

मधल्या काळात दुसरी वाट चोखाळली गेली. डिसेंबर २०१४ मधलं जलयुक्त शिवार अभियान. यात खाती जोडली नाहीत, त्यांचे निधी जोडले. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समिती, गावाचा एक आराखडा, आणि त्यातलं कोणतं काम कोणत्या खात्याने करायचं ते ठरवून द्यायचं. यवतमाळच्या कितीतरी गावांत त्या वर्षांत नाले रुंद-खोल झाले, लोकांनी श्रमदान केलं, पहिल्या पावसाला तुडुंब भरलेल्या नाल्यांचे फोटो घरोघरी पाहिले गेले. तो उत्साह खरा होता. पण २०२० मध्ये विधिमंडळात मांडलेल्या कॅगच्या अहवालाने सांगितलं की ९,६३३.७५ कोटी रुपये खर्चूनही पाण्याची गरज भागवणं आणि भूजल वाढवणं या दोन्हींवर अभियानाचा फारसा परिणाम दिसला नाही. मला त्यातली देखभालीची बाब सर्वांत बोलकी वाटते. निधी एकत्र आले ते खोदण्यापुरते. खोदून झाल्यावर नाला कोणाचा, याचं उत्तर त्या रचनेत नव्हतं.

एका गावात मी कोल्हापुरी बंधाऱ्यावर उभा होतो. ऑक्टोबर होता, पाऊस गेलेला, नाल्यातून घोटाभर पाणी वाहत होतं. बंधाऱ्याच्या खांबांच्या खाचा रिकाम्या. त्या खाचांत लोखंडी बरगे बसवले की पाणी अडतं; ते पावसाळ्याआधी काढायचे आणि पाऊस ओसरला की लगेच घालायचे. एवढंच या बंधाऱ्याचं शास्त्र. बरगे कुठे आहेत म्हणून विचारलं. शाळेच्या मागच्या पडवीत रचलेले होते, गंजलेले. काही भंगारात गेल्याचं लोक म्हणाले. बंधारा बांधणाऱ्या कार्यालयाच्या मते तो ग्रामपंचायतीला हस्तांतरित झालेला. ग्रामपंचायतीच्या दप्तरात तसा कागद नाही. रबरी पट्ट्यांना पैसे कोणत्या शीर्षाखाली टाकायचे, ते कोणालाच माहीत नाही. बंधारा शाबूत आहे, त्यावर खर्च झालेला आहे, आणि तो पाणी अडवत नाही.

मोठ्या नद्यांवर हीच गोष्ट मोठ्या मापात दिसते. पैनगंगा एक नदी आहे, पण तिच्या वरच्या भागातला ईसापूरचा ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्प गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळाकडे आहे आणि खालचा निम्न पैनगंगा प्रकल्प विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळाकडे. जलाशयाखाली पुसद तालुक्यातली जमीन गेली, कालव्यांचं पाणी प्रामुख्याने हिंगोली-नांदेडकडे जातं. उन्हाळा तापला की उमरखेड तालुक्यातल्या नदीकाठच्या गावांची मागणी येते: पात्रात पाणी सोडा, गुरांना प्यायला नाही. मागणी जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते, तिथून दुसऱ्या महसूल विभागातल्या महामंडळाकडे. खाली निम्न पैनगंगेत तेलंगणाचा १२ टक्के वाटा आहे, म्हणजे तिथे दुसरं राज्यही येतं.

यवतमाळ शहराने २०१८ मध्ये याचा चटका सोसला. निळोणा आणि चापडोह ही शहराची दोन्ही धरणं आटली. नळाला पाणी कधी दोन-दोन आठवड्यांनी आलं, टँकरमागे रात्री-अपरात्री रांगा लागल्या. बेंबळा धरणात पाणी होतं, शहरापर्यंत येत नव्हतं. धरण जलसंपदेचं, शहराचा पाणीपुरवठा महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडे, निधी नगरविकासाच्या ‘अमृत’ योजनेतला, रस्ते सार्वजनिक बांधकामाचे, रोष मात्र नगरपरिषदेवर. पाइपलाइनचं काम लांबत गेलं तसा प्रत्येक बैठकीत चेंडू एका टेबलावरून दुसऱ्यावर जात राहिला.

माझं मन इथे जोडणीकडेच झुकतं. जी खाती एकच काम करतात, म्हणजे माती-पाणी अडवतात, त्यांना वेगळं ठेवण्याचं एकही सबळ कारण मला सापडलेलं नाही. पण सगळीच खाती एका मुठीत आणावीत, असं म्हणवत नाही. का, ते वणीला आणि पांढरकवड्याला गेल्यावर कळतं.

वणी तालुक्यात वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या उकणी, घोन्सा, कुंभारखणी अशा खाणी आहेत, राजूरला चुन्याच्या भट्ट्या आहेत. कोळसा केंद्राचा, रॉयल्टी राज्याची, पर्यावरण मंजुरी केंद्रीय मंत्रालयाची, धुळीची तपासणी प्रदूषण नियंत्रण मंडळाची, रस्ता बांधकाम खात्याचा, खोकला गावकऱ्याचा. पलीकडे वर्धा नदी ओलांडली की चंद्रपूर जिल्ह्यातलं घुग्घुस. चंद्रपूर परिसराला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये अतिप्रदूषित ठरवलं; वारा मात्र नदीवर थांबून जिल्हा विचारत नाही. इथे तपासणारा आणि उकरणारा एकाच छपराखाली असता तर तपासणीचं काय झालं असतं, हा प्रश्न मला जोडणीच्या उत्साहापेक्षा मोठा वाटतो. रेतीघाटांचंही तसंच. घाटाचा लिलाव करून महसूल मिळवणारं आणि चोरटा उपसा पकडणारं कार्यालय एकच आहे. तिथे एकत्रीकरण आधीच झालेलं आहे, आणि नद्यांची पात्रं त्याची साक्ष देतात.

युनायटेड किंग्डममधल्या वेल्सने १ एप्रिल २०१३ रोजी तीन संस्था एक केल्या: ग्रामीण निसर्गरक्षणाची, पर्यावरण नियंत्रणाची आणि जंगलांची. ‘नॅचरल रिसोर्सेस वेल्स’ ही त्यातून झालेली संस्था जंगल राखते, लाकूड विकते आणि प्रदूषणावर लक्षही ठेवते. पुढे लाकडाच्या ठेक्यांवरून तिथल्या महालेखापालांनी तिच्या हिशेबांवर सलग तीन वर्षं ताशेरे ओढले. खुल्या स्पर्धेविना ठेके दिल्याचा आक्षेप होता. छोटा, श्रीमंत, सुव्यवस्थित देश, तरी विकणारा हात आणि राखणारा डोळा एका शरीरात आल्यावर असं होऊ शकलं. आपल्याकडे १९७४ मध्ये वनविकास महामंडळ वेगळं काढलं ते सागाचं उत्पन्न काढण्यासाठी. वनखात्याशी त्याचा संसार कसा चालतो, ते पांढरकवड्याने पाहिलं आहे.

टी-१ म्हणजे अवनी वाघिणीचा वावर राळेगाव-पांढरकवड्याच्या ज्या पट्ट्यात होता, तिथे प्रादेशिक वनविभागाची जंगलं, महामंडळाची कक्षं, महसुलाची झुडपं आणि शेतं गोधडीच्या तुकड्यांसारखी शिवलेली आहेत. २०१६ पासून १३ माणसांचे बळी तिच्या नावावर नोंदले गेले. त्यांत गुराखी होते, कपाशीत काम करणारे शेतकरी होते. बोराटी, सराटी, लोणी या गावांनी दोन हंगाम भीतीत काढले. २ नोव्हेंबर २०१८च्या रात्री तिला गोळी घातली गेली, आणि नियम पाळले नाहीत असं पुढे राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या समितीने म्हटलं. वाघीण अभयारण्याबाहेरची होती. अभयारण्यातल्या वाघासाठी यंत्रणा असते. बाहेरच्या वाघाला आणि बाहेरच्या माणसाला प्रत्येक तुकड्याचा वेगळा मालक भेटतो. पुढच्याच वर्षी टिपेश्वरचा एक तरुण वाघ गळ्यात रेडिओ कॉलर घेऊन निघाला. १४८ चौरस किलोमीटरचं अभयारण्य त्याला पुरलं नाही. तेलंगणात गेला, परत आला, पाच महिन्यांत सुमारे १,३०० किलोमीटर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. त्याची वाट बहुतेक शेतातून आणि नाल्यांच्या काठाने गेली. पहिल्या परिच्छेदातल्या त्याच आठ दप्तरांतून.

फ्लोराइडची गोष्ट थोडक्यात, कारण ती थोडक्यात सांगितली तरी पुरे आहे. पांढरकवडा, झरी जामणी, मारेगाव, वणी या पट्ट्यातल्या अनेक गावांच्या विंधन विहिरींत फ्लोराइड लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या मर्यादेबाहेर आहे. पाणी भूजल यंत्रणा तपासते, दात आणि हाडं आरोग्य खातं तपासतं, पर्यायी स्रोत पाणीपुरवठा विभाग शोधतो, आणि हातपंपावर लाल रंग मारण्याचं काम ग्रामपंचायतीचं. तीन नोंदी आहेत, तिन्ही बरोबर आहेत, त्या एका नकाशावर नाहीत. २०१७च्या फवारणीच्या विषबाधेतही हेच झालं. जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. रुग्णालयात रुग्ण आधीपासून येत होते, कृषी यंत्रणा हलली ती बातम्या आल्यावर. तिथे खाती जोडायची गरज नव्हती. रुग्णालयाची नोंद त्याच दिवशी कृषी अधिकाऱ्याच्या हाती पडायला हवी होती.

दिल्लीतही हा विषय झाला आहे. मिहिर शाह समितीने २०१६ मध्ये केंद्रीय जल आयोग आणि केंद्रीय भूजल मंडळ एक करून राष्ट्रीय जल आयोग करावा, असं सुचवलं. वरचं पाणी आणि खालचं पाणी एकच आहे, हा त्यामागचा साधा विचार. ते झालं नाही. मे २०१९ मध्ये जलसंपदा आणि पेयजल ही दोन मंत्रालयं मिळून जलशक्ती मंत्रालय झालं, त्याच्या आत आयोग आणि मंडळ वेगवेगळेच राहिले. सुधाकररावांच्या छत्राचं जे झालं, त्याचीच ही मोठी आवृत्ती.

मग काय करावं? माझ्या मते तालुक्यापासून सुरुवात करावी. कृषीतलं मृदसंधारण, जिल्हा परिषदेचं लघुसिंचन, राज्याचं जलसंधारण आणि रोजगार हमीची पाण्याची कामं यांचं तालुक्याला एकच कार्यालय असावं, एकच आस्थापना, एकच बढतीची वाट. वनखात्याचा माथा त्याच आराखड्यात बांधलेला असावा. वरचा चर झाल्याशिवाय खालच्या बंधाऱ्याचं बिल निघू नये. भूजल यंत्रणा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ मात्र वेगळेच राहावेत, आणि त्यांची नोंद सगळ्यांना खुली असावी. पाण्याला जमिनीसारखा सातबारा असावा. कोणत्या नाल्यावर काय बांधलं, कोणी, कधी, देखभाल कोणाकडे, हे गावच्या चावडीत वाचता यावं.

हे सगळं एकत्र पाहणारी संस्था आपल्याकडे एकच आहे, ती म्हणजे ग्रामसभा. २००६च्या वनहक्क कायद्याने तिला सामूहिक वनाचं व्यवस्थापन दिलं. विदर्भातल्याच गडचिरोलीत मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये तो हक्क मिळवून जंगल सांभाळून दाखवलं. यवतमाळच्या मारेगाव, राळेगाव, केळापूर, घाटंजी तालुक्यांतली अनेक गावं पेसा म्हणजे आदिवासी स्वशासन कायद्याच्या क्षेत्रात आहेत, कोलाम आदिवासींच्या पोडांना म्हणजे वस्त्यांना टेकडी, झरा, मोह आणि शेत वेगवेगळं कधी वाटलेलंच नाही. त्यांच्या सभेचा ठराव आठ दप्तरांत आठ प्रती होऊन जातो. तो एका कार्यालयात एकदा गेला आणि त्यावर उत्तर देणं बंधनकारक झालं, तर मंत्रालयातल्या पाट्या कोणत्याही असोत, मला चालेल.

त्या बंधाऱ्याच्या गावी मी पुन्हा गेलो ते सीतादहीच्या सुमारास, पहिल्या वेचणीच्या दिवसांत. बरगे पडवीतच होते. बंधाऱ्याच्या शंभर पावलं वर गावातल्या पंधरा-वीस जणांनी सिमेंटच्या रिकाम्या चुंगड्यांत रेती भरून नाल्यात आडवी रचली होती, फटींत माती आणि पळसाचा पाला ठोसला होता. मागे कमरेएवढं पाणी साचलं होतं आणि एक म्हातारी तिथे बकऱ्या पाजत होती. रेती नाल्यातली, चुंगड्या घरकुलाच्या कामावरच्या, मजुरी कोणाची नाही. हे काम कोणत्या खात्याच्या वहीत बसतं, ते मी ग्रामसेवकांना विचारलं. त्यांनी वही उघडली, थोडा वेळ पानं उलटली, आणि मिटली.